अंतर, वेळ आणि मध्यरात्रीचे नागपूर

शाळेत गणित शिकविताना मी मुलांस एक उदाहरण नेहमी घालीत असे. दोन गावांमधील अंतर अमुक किलोमीटर, वाहनाचा वेग ताशी अमुक किलोमीटर, तर ते वाहन किती वेळात पोहोचेल? अंतरास वेगाने भागावे आणि आलेल्या उत्तराखाली दोन रेघा ओढाव्या, इतके ते सोपे. एके वर्षी मागच्या बाकावरील एका मुलाने हात वर केला आणि विचारले, "गुरुजी, गाडी मध्ये थांबली तर?" सारा वर्ग हसला. मीही हसलो आणि उदाहरणातली गाडी थांबत नसते, असे सांगून वेळ मारून नेली. पण मुलाचा प्रश्न मनात राहून गेला. पुढे सेवेतून निवृत्त होऊन कोराडीस स्वस्थ बसल्यावर, प्रवासाच्या इतिहासाविषयी जे काही वाचले त्यावरून असे ध्यानात आले की, हसण्यासारखा तो प्रश्न नव्हताच. वाहन किती वेगाने धावते यापेक्षा ते कोठे थांबते, का थांबते आणि कोणासाठी थांबते, यावरच दोन गावांमधील खरे अंतर पुष्कळदा ठरत असते. या गोष्टीचे सर्वांत नामी उदाहरण आमच्याच नागपुरात, सोनेगावच्या विमानतळावर, चोवीस वर्षे रोज मध्यरात्री घडत होते. त्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

प्रथम आजचा हिशेब पाहू. मुंबई आणि नागपूर येथील विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे ६८५ किलोमीटर भरते. आगगाडीचा मार्ग घाटमाथा चढून नाशिक, भुसावळ, अकोला, वर्धा असा वळसे घेत येत असल्यामुळे तो ८३७ किलोमीटरांचा आहे. नवा समृद्धी महामार्ग भिवंडीजवळील आमणे गावापासून नागपुरापर्यंत ७०१ किलोमीटर लांब असून तो जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. म्हणजे पक्ष्याच्या वाटेशी माणसाने जमिनीवर बांधलेली वाट आता बरीच जवळ आली आहे. जेट विमान ताशी ८०० किलोमीटर वेगाने उडते असे धरले, तर ६८५ किलोमीटरांस अवघी ५१ मिनिटे पुरावीत. परंतु वेळापत्रक उघडून पाहावे तर तेथे सुमारे दीड तास लिहिलेला आढळतो. मग उरलेली मिनिटे जातात कोठे?

ती जातात ज्यांस आपण प्रवासात धरीत नाही अशा गोष्टींत. विमान जागेवरून हलले की वेळापत्रकाचे घड्याळ सुरू होते. त्यानंतर ते धावपट्टीपर्यंत रांगत जाते आणि आपली पाळी येईपर्यंत तिष्ठत उभे राहते. आकाशात चढताना आणि उतरताना त्याचा वेग पूर्ण नसतो. मुंबईसारख्या गजबजलेल्या विमानतळावर कधीकधी त्यास आकाशातच घिरट्या घालाव्या लागतात. वारा हाही एक भागीदार असतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे जोरदार वारे वाहतात. ते मुंबईहून नागपुरास येणाऱ्या विमानास पाठीवर थाप देतात आणि परतणाऱ्यास अडवितात. एकाच मार्गाचा जाण्याचा व येण्याचा वेळ निरनिराळा असतो, हे पुष्कळांस चमत्कारिक वाटते. पण नदीतून नाव चालविणाऱ्यास त्यात नवल वाटणार नाही. त्यातून कोराडीचा रहिवासी निघाला, तर त्यास उत्तरेकडून सारे शहर ओलांडून नैर्ऋत्येच्या टोकास जावयाचे, तेथे तपासणीसाठी आधी हजर व्हावयाचे, आणि मुंबईस उतरल्यावर पुन्हा शहराच्या गर्दीतून वाट काढावयाची. उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत मोजले तर ५१ मिनिटांचे पाच तास सहज होतात.

आता जरा मागे जाऊ. नागपुरात शून्य मैलाचा स्तंभ म्हणून प्रसिद्ध असलेली वास्तू आहे. मोजणी खात्याने १९०७ साली उभारलेल्या या स्तंभापाशी निरनिराळ्या गावांची अंतरे कोरलेली आहेत: छिंदवाडा ८३ मैल, जबलपूर १७० मैल, हैदराबाद ३१८ मैल. तेथे मैल आहेत. वेळ मात्र कोठेही लिहिलेली नाही. ती लिहिणे शक्यही नव्हते. बैलगाडीने दिवसाकाठी पंधरा-वीस मैल कापणाऱ्यास हैदराबाद अडीच-तीन आठवड्यांवर होते, आणि मध्ये नदीस पूर आला तर ते किती दूर होते हे कोणीच सांगू शकत नव्हते. वेळ ही गोष्ट निश्चितपणे लिहून ठेवण्याजोगी झाली ती आगगाडी आल्यावर. १८५३ साली मुंबई-ठाणे मार्गावर निघालेली जी. आय. पी. रेल्वे १८६७ साली नागपुरास येऊन पोहोचली, आणि वऱ्हाडच्या कापसाबरोबर आमच्या लोकांस वेळापत्रक नावाचा नवा ग्रंथही मिळाला.

विमानाने पत्र नेण्याचा मान मात्र आपल्या देशाने फार लवकर मिळविला. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादेहून यमुनेपलीकडील नैनीस सुमारे साडेसहा हजार पत्रे पोहोचविली. अंतर काय ते सहा मैल. जगातील हे पहिले अधिकृत विमानटपाल होय. त्यानंतर एकवीस वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा यांनी एका लहानशा पस मॉथ विमानातून कराचीचे टपाल अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर आणले. पहाटे साडेसहाच्या सुमारास निघून दुपारी दोनच्या आत ते पोहोचले. मध्ये अहमदाबादेस पेट्रोल घेण्यासाठी थांबावे लागले, आणि ते पेट्रोल बैलगाडीतून आले होते असे सांगतात. नव्या युगाचे वाहन जुन्या युगाच्या वाहनाची वाट पाहत उभे आहे, हे चित्र माझ्या त्या विद्यार्थ्यास खचित आवडले असते.

या दोन्ही प्रसंगांत विमाने दिवसा उडाली. येथेच एक अडचण होती. पत्र लिहिणारा मनुष्य, विशेषतः व्यापारी आणि कचेरीतील कारकून, आपली पत्रे दिवसभराचे काम आटोपून सायंकाळी पेटीत टाकतो. ती पत्रे रात्रभर टपालघरात पडून राहिली आणि सकाळच्या विमानाने निघाली, तर पोहोचेपर्यंत दुसऱ्या दिवसाची कचेरी अर्धी उलटलेली असावयाची. विमान कितीही वेगवान असो, निजलेली रात्र त्याचा वेग गिळून टाकीत होती. तेव्हा उपाय एकच होता: टपालाने रात्री जागावे.

स्वातंत्र्यानंतर रफी अहमद किडवई दळणवळण खात्याचे मंत्री असताना हा उपाय अमलात आला. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीच्या विमानटपालाची योजना सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान आपल्या प्रांतातील टपालाच्या थैल्या घेऊन निघावयाचे. चारही विमानांनी मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास उतरावयाचे, थैल्यांची अदलाबदल करावयाची आणि ज्याने त्याने उजाडण्यापूर्वी आपल्या गावी परतावयाचे. त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशातील पत्रे, जेथे विमानाने नेणे सोयीचे असेल तेथे, अधिक हशील न घेता विमानाने नेण्याचे धोरण सरकारने स्वीकारले. विमानाचे टपाल ही श्रीमंतांची चैन न राहता खेड्यातील शिक्षकाच्या साध्या पत्रासही पंख फुटले. आरंभी ही सेवा खाजगी कंपन्यांकडे होती. पहिल्याच वर्षात ती एका कंपनीकडून दुसरीकडे गेली. पुढे विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण होऊन १ ऑगस्ट १९५३ पासून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनने हा भार उचलला.

नागपूरच का निवडले, याचे उत्तर नकाशावर पट्टी ठेवताच मिळते. नागपुरापासून मुंबई सुमारे ६८५ किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९०५ आणि कलकत्ता ९८५. आता मुंबई ते कलकत्ता सरळ रेघ ओढा. ती जवळजवळ नागपुरावरून जाते. दिल्ली ते मद्रास रेघ ओढा; तीही नागपुराच्या जवळूनच जाते. या दोन्ही मार्गांवर नागपुरास उतरल्याने जो वळसा पडतो तो फार तर पाच-दहा किलोमीटरांचा. चार महानगरांस जोडणाऱ्या दोन कर्णांनी एकमेकांस जेथे छेदावे तेथेच आमचे गाव वसले आहे. मुंबईहून दिल्लीस किंवा मद्रासेस जाणाऱ्या पत्रास मात्र मोठा फेरा पडे. मुंबई-दिल्ली सरळ अंतर सुमारे ११३५ किलोमीटर. नागपूरमार्गे ते १५३५ होई. तथापि पत्रास त्याची तक्रार नव्हती. चारशे किलोमीटरांचा फेरा पडूनही ते सकाळच्या बटवड्यास हजर राहत होते, आणि पत्र घेणाऱ्यास तेवढेच हवे होते.

यात आणखी एक काटकसर होती. चार शहरांच्या जोड्या सहा होतात. प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र रात्रीची सेवा ठेवली असती तर सहा मार्ग चालवावे लागले असते. मध्ये एक भेटीचे ठिकाण ठेवताच चार मार्गांत काम भागले. शहरे दहा असती तर जोड्या पंचेचाळीस होत्या आणि भेटीचे मार्ग फक्त दहा. शहरे वाढतील तसा हा लाभ झपाट्याने वाढत जातो. पुढे अमेरिकेत फेडरल एक्सप्रेस या कंपनीने मेम्फिस शहर मध्यवर्ती ठेवून रात्रीच्या पार्सलांची वाहतूक सुरू केली आणि तिचा जगभर डंका झाला. तिचा आरंभ १७ एप्रिल १९७३ रोजी झाला. नागपुरास तोच प्रयोग त्यापूर्वी चोवीस वर्षे चालू होता. आपल्या लोकांस आपल्या गोष्टीचे महत्त्व बाहेरून ऐकू आल्यावाचून पटत नाही, म्हणून हे सन मुद्दाम सांगितले.

आता आपण वर्गातील ते उदाहरण पुन्हा घालू. या सेवेत प्रथम डाकोटा विमाने असत. पुढे मोठी स्कायमास्टरही आली. डाकोटाचा वेग गणितापुरता ताशी २६० किलोमीटर धरू. चारही विमानांनी ठीक बारा वाजता सोनेगावास उतरावयाचे असेल, तर प्रत्येकाने केव्हा निघावे? कलकत्त्याच्या विमानास पावणेचार तासांहून थोडा अधिक वेळ लागेल. म्हणून ते सव्वाआठच्या आतच निघाले पाहिजे. मद्रासचे साडेआठास, दिल्लीचे पावणेनऊच्या सुमारास, आणि मुंबईचे सवानऊनंतर निघाले तरी चालेल. म्हणजे मुंबईच्या व्यापाऱ्यास पत्र टाकण्यासाठी कलकत्त्याच्या व्यापाऱ्यापेक्षा तासाभराहून अधिक सवड मिळाली. आणि परतीच्या वेळी त्याची थैलीही तासभर आधी हाती आली. भूगोलातील तीनशे किलोमीटर येणेप्रमाणे दोन पेढ्यांच्या दिव्याखाली उतरतात.

परंतु कोणतेही विमान ठीक बारा वाजता येईलच याची हमी कोण देणार? पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावरून वादळ उठले, उत्तरेत धुके पडले, एखादे इंजिन रुसले, तर एक विमान मागे राहावयाचे. मग उरलेल्या तिघांनी काय करावे? थांबावे तर तीन शहरांची सकाळची डाक चुकते. निघून जावे तर उशिरा येणाऱ्याच्या थैल्यांतील सारी पत्रे एक दिवस मागे पडतात. भेटीच्या ठिकाणाचे हे मोल आहे. एकाचा उशीर तो सर्वांचा उशीर होतो. ज्या योजनेचे सारे यश धावण्यावर दिसत होते तिचा खरा कस सोनेगावच्या धावपट्टीवर, हातातील घड्याळाकडे पाहत थांबण्याच्या त्या काही मिनिटांत लागत असे. एकत्र कुटुंबात ज्यांनी पंगतीची व्यवस्था पाहिली आहे, त्यांस यातील अवघडपणा समजावून सांगण्याची गरज नाही.

या विमानांतून थैल्यांबरोबर उतारूही जात. दिल्लीचा, मद्रासचा, कलकत्त्याचा आणि मुंबईचा मनुष्य मध्यरात्री एकाच छपराखाली चहा घेत बसला आहे, आणि तासा-दोन तासांनी चौघे चार दिशांस निघून गेले आहेत, असा हा देखावा होता. देश नुकताच स्वतंत्र झालेला, संस्थाने विलीन होत असलेली. अशा वेळी देशाच्या चार कोपऱ्यांची रोज रात्री एका ठिकाणी गाठ पडावी, यास टपालाच्या सोयीपलीकडेही काही अर्थ होता असे मला वाटते. आकाशवाणीचे नागपूर केंद्र त्याच्या आदल्याच वर्षी, १९४८ मध्ये, सुरू झाले होते. आवाजास अंतर कापण्यास वेळ लागत नाही. पण सही केलेला कागद, मुलीच्या हातचे पत्र, न्यायालयाचा दाखला ही आवाजाने जात नाहीत. त्यांस कोणी तरी उचलून न्यावेच लागते.

आणि नेणाऱ्यास कधी त्याची जबर किंमत मोजावी लागते. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री नागपुराहून मद्रासकडे निघालेले टपालाचे डाकोटा विमान इंजिन निकामी होऊन उड्डाणानंतर लगेच कोसळले. विमानातील चौदांपैकी तेरा माणसे गेली. सेवा थांबली नाही. रात्रीच्या विमानांचे येणे-जाणे पुढेही चालू राहिले. सकाळी दारात पडलेले पाकीट फोडताना, ते कोणाच्या जागरणावर आणि कोणत्या जोखमीवर आपल्यापर्यंत आले, याचा विचार आपण क्वचितच करतो.

माझी स्वतःची आठवण लहानशी आहे. ही सेवा चालू होती तेव्हा मी शाळकरी मुलगा होतो. उन्हाळ्यात आम्ही कोराडीस अंगणात निजत असू. त्या वेळी गावात दिवे थोडे आणि रात्र गडद असे. मध्यरात्रीच्या सुमारास उत्तरेकडून दिल्लीच्या बाजूचा एक बारीक घोष येई, वाढत जाई आणि शहराच्या दिशेस विरून जाई. माझी आजी अर्धवट झोपेत म्हणे, "आलं गं बाई डाकेचं विमान, बारा वाजले." आमच्या घरात घड्याळ होते, पण आजीचा विश्वास विमानावर अधिक होता. त्या विमानात कोणाची पत्रे आहेत, ती कोठे जातात, याची तिला कल्पना नव्हती. माझे थोरले काका खडकपुरास रेल्वेत नोकरीस होते, आणि त्यांचे पत्र याच वाटेने कलकत्त्याहून येत असावे, हे मी तिला समजावून सांगितले तेव्हा मात्र ती बराच वेळ काही बोलली नाही. दुसऱ्या रात्री घोष ऐकू येताच तिने हात जोडले. त्या रात्री जगदंबेच्या देवळाच्या दिशेस आणि त्या विमानाच्या दिशेस तिने एकाच भावाने नमस्कार केला, हे मला आजही दिसते.

ऑक्टोबर १९७३ मध्ये ही सेवा बंद झाली. तिची गरज कशी सरत गेली हे समजणे कठीण नाही. १९६४ पासून देशांतर्गत मार्गांवर कॅराव्हेल जेट विमाने आली. मुंबईहून कलकत्त्यास मध्ये न उतरता दोन-अडीच तासांत जाता येऊ लागले. सायंकाळच्या थेट उड्डाणाने टपाल जाऊ शकत असता त्याने मध्यरात्री नागपुरास उतरावे कशास? दूरध्वनीच्या तारांनीही पत्राचे काम थोडे थोडे आपल्याकडे घेतले. आमच्या कोराडीचे आकाशही त्याच सुमारास पालटले. १९७४ साली येथील औष्णिक विद्युत् केंद्राचा पहिला संच सुरू झाला. धुराड्यांचे दिवे रात्रभर जळू लागले आणि अंगणातला तो काळोख कायमचा गेला. आजीस पुष्कळ दिवस बाराची वेळ कळेनाशी झाली होती.

आज नागपूर पुन्हा वाहतुकीचे मध्यवर्ती केंद्र व्हावे म्हणून मिहान प्रकल्प उभा आहे. आपण देशाच्या मध्यभागी आहोत, याचा आम्हा नागपूरकरांस मोठा अभिमान असतो. अभिमान असावा; परंतु इतिहास असे सांगतो की, मध्यभागी असणे ही नुसती जागा आहे, तिचे केंद्र होते ते वेळापत्रक पाळल्याने. शून्य मैलाचा स्तंभ १९०७ पासून उभा आहे. त्याच्या दगडाने एकही पत्र पोहोचविले नाही. पत्रे पोहोचविली ती रात्री जागणाऱ्या वैमानिकांनी, कंदिलाच्या उजेडातही थैलीवरील शिक्का वाचून ती योग्य विमानात टाकणाऱ्या हमालांनी आणि कारकुनांनी. विमानाचा वेग त्या काळापासून आज तिप्पट झाला आहे; पण आज सायंकाळी कोराडीच्या पेटीत टाकलेले साधे पत्र उद्या सकाळी कलकत्त्यास वाटले जाईल असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

तो विद्यार्थी आता मोठा झाला असेल. कदाचित विमानाने हिंडतही असेल. त्याला मी दिलेले उत्तर चुकीचे होते, हे आज या ध्वनिक्षेपकासमोर कबूल करतो. बाळ, गाडी मध्ये थांबते. अंतरास वेगाने भागून जे येते ते यंत्राचे उत्तर. दोन माणसांमधील वेळ काढावयाची असेल, तर त्यात कोणी तरी कोणासाठी तरी थांबले, ती मिनिटेही मिळवावी लागतात. चोवीस वर्षे नागपुराने ती मिनिटे मोजली, आणि ती मोजली म्हणूनच देशाची रात्र वाया गेली नाही.